उंबऱ्यापर्यंत गेलेले अर्थशास्त्र : कै. धनंजयराव गाडगीळ

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अर्थशास्त्र हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला काही नावे पाठ असावी लागतात. ती बहुतेक परदेशी असतात. परीक्षेच्या निमित्ताने आपल्या आयुष्यात येतात आणि निकालाबरोबर निघून जातात. गाडगीळ हे नावही आपल्यापैकी पुष्कळांना असेच ठाऊक आहे. गाडगीळ सूत्रावर टीप लिहा, एवढीच त्या नावाशी आपली ओळख. लोकसंख्येला इतके टक्के, दरडोई उत्पन्नाला इतके टक्के, अशी घोकंपट्टी आपण करतो आणि पाच गुण पदरात पाडून घेतो. त्या सूत्रामागे एक माणूस होता. तो नाशिकला जन्मला, नागपूरला शिकला, केंब्रिजला जाऊन आला आणि पुढची चाळीस वर्षे बाजारपेठांत, शेतांत आणि शहरातल्या घराघरांत शिरून हिशेब मांडत राहिला. त्या माणसाचे चरित्र माझ्या कुवतीप्रमाणे सांगावे, हा या लेखाचा हेतू.

हे चरित्र निवडण्यामागे एक घरगुती कारणही आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी होते, ती पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. साखर कारखाना आम्हाला ठाऊक आहे तो फडाच्या बाजूने, मोळीच्या बाजूने. महाराष्ट्रातील पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, हे पुस्तकात वाचले तेव्हा मला त्या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले. त्यांच्याकडे पाहताना माझी नजर थोडी वेगळी असेल. वाचकांनी ती समजून घ्यावी.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात झाले. १९१८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते केंब्रिजला गेले. पहिले महायुद्ध नुकतेच संपत होते. त्या काळी विलायतेला जाणारा हुशार मराठी तरुण बहुधा बॅरिस्टर होई किंवा आय. सी. एस.च्या परीक्षेला बसे. गाडगीळ मात्र अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांत रमले. एम. लिट. या पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांची वाटचाल. हा प्रबंध ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९२४ साली ग्रंथरूपाने छापला. लेखकाचे वय त्या वेळी तेवीस होते. पुढे अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी हे पुस्तक अभ्यासाला वापरले.

या पुस्तकाबद्दल दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण गाडगीळांच्या पुढील सर्व कामाचे बी त्यात आहे. १८६० च्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव एकाएकी चढले. युद्ध संपताच ते कोसळले. वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याने न पाहिलेल्या देशातील लढाईने त्याच्या घरात आधी पैसा आणला आणि मग कर्ज आणले. रेल्वे आली, गिरण्या आल्या, दुष्काळ आले. शहरांतील जुने कसबी कारागीर का बुडाले, याचे उत्तर देताना गाडगीळांनी केवळ विलायती मालाकडे बोट दाखवले नाही. कारागिरांना पोसणारे देशी दरबार नाहीसे झाले, परकी राज्याबरोबर वरच्या वर्गाची आवडनिवड बदलली आणि यंत्राच्या मालाशी स्पर्धा आली, अशी तीन कारणे त्यांनी वेगवेगळी करून मांडली. देशात राष्ट्रीय चळवळ जोरात असताना एका तरुणाने एवढ्या थंड डोक्याने कारणांची विभागणी करावी, हे मला विशेष वाटते.

परत आल्यावर त्यांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडे दिवस नोकरी केली. तेथे ते रमले नाहीत. १९२५ साली सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले आणि पाच वर्षे त्यांनी ते सांभाळले. वयाच्या चोविसाव्या वर्षी प्राचार्य! आपल्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठा असलेला माणूस प्राचार्यांच्या खुर्चीवर बसला होता, अशी कल्पना करून पाहावी.

१९३० हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील वळणाचे ठरले. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला मोठी देणगी दिली आणि तीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था उभी राहिली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या जागी राहिले. छत्तीस वर्षे एक माणूस एका संस्थेत! संस्था लहान होती, पैसा बेताचा होता. सरकारकडे आकडे होते, पण ते जमीनमहसुलाचे आणि जकातीचे. सामान्य माणूस काय कमावतो, काय खातो, माल कोणाला व कसा विकतो, त्याच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. गाडगीळांनी ठरवले की जे माहीत नाही ते जाऊन विचारायचे आणि लिहून आणायचे.

त्यांच्या सुरुवातीच्या पाहण्यांचे विषय पाहिले तर आजही गंमत वाटते. १९३३ साली त्यांनी पुण्यातील फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. डाळिंब किंवा पेरू बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत किती हातांतून जातो आणि प्रत्येक हातात काय उरते, हा विषय. एरवी आपल्या पुस्तकात बाजार म्हणजे दोन रेषा आणि त्यांचा छेदनबिंदू! प्रत्यक्षातील बाजारात आडत्या असतो, दलाल असतो, हमाली-तोलाई असते, उचल असते. जुन्या बाजारांत तर दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणेने भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे पाहत असे. ज्याला भाव दिसतच नाही त्याचा निर्णय कसला? बाजारात सगळ्यांना सारखी माहिती असते, असे गृहीत धरून केलेले गणित त्या रुमालापाशी अडते. पुढे १९३९ साली मुंबई इलाख्यात कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा झाला. उघड लिलावाची पद्धत रुजायला त्यानंतरही पुष्कळ वर्षे लागली.

मग सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी झाली, वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी झाली, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. पुण्याच्या पाहणीसाठी १९३६-३७ मध्ये घराघरांत जाऊन माहिती गोळा केली गेली. तिचे खंड १९४५ आणि १९५२ साली निघाले. शेतीव्यवसायाच्या पाहणीत एक अवघड प्रश्न नेहमी येतो. शेतकऱ्याची बायको, मुले शेतात राबतात, त्यांच्या मजुरीचे काय? ती धरली तर शेती तोट्यात दिसते, सोडली तर नफ्यात. म्हणजे शेती फायद्याची की तोट्याची हे कधीकधी घरातल्या बाईचे कष्ट कोणत्या रकान्यात लिहिता यावर ठरते! आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल एका कोयत्याची, हिशेब एका कोयत्याचा. त्यात आईचा वाटा किती, हे कोणत्याच वहीत वेगळे लिहिलेले नसते. म्हणून ही रकान्यांची चर्चा मला कोरडी वाटली नाही. गाडगीळांनी पुढे, १९६५ साली, भारतातील काम करणाऱ्या स्त्रियांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, हे येथे नमूद करणे योग्य होईल.

२०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गरिबी का हटत नाही याचे उत्तर शोधण्यासाठी गावोगाव जाऊन, लहान लहान प्रश्न घेऊन, प्रत्यक्ष प्रयोग करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. गाडगीळांच्या पाहण्या म्हणजे असे प्रयोग नव्हेत. दोन गट करून एकाला सवलत द्यायची, दुसऱ्याला नाही आणि फरक मोजायचा, हे तंत्र त्यांच्या काळी अर्थशास्त्रात नव्हते. परंतु गरीब माणूस निर्णय कसा घेतो हे त्याच्या उंबऱ्याशी जाऊनच कळते, ही श्रद्धा दोन्हीकडे एकच आहे. पुण्यात ती नव्वद वर्षांपूर्वी कामाला लागली होती, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाडगीळांचे लक्ष किमतींकडे वळले. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सरकार नोटा छापत होते, धान्य महागत होते आणि १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. त्याच वर्षी गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नी. वि. सोवनी यांनी युद्धकालीन आर्थिक धोरणाची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. १९४७ साली केंद्र सरकारने वस्तूंच्या किमतींसंबंधी एक मंडळ नेमले. ए. डी. गोरवाला त्याचे अध्यक्ष आणि गाडगीळ सदस्य होते. टंचाई असताना नियंत्रणे एकदम उठवू नयेत, असे या मंडळाचे मत होते. वारे मात्र उलट दिशेचे होते. काळ्या बाजाराला लोक विटले होते, खुद्द महात्माजींचे वजन नियंत्रणे उठवण्याच्या बाजूला होते. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे सैल केली गेली. किमती भराभर चढल्या आणि १९४८ मध्ये नियंत्रणे पुन्हा आणावी लागली.

यावरून गाडगीळ बाजाराचे वैरी होते असे कोणी समजू नये. बाजार मोकळा सोडावा की बांधावा, या प्रश्नाला त्यांनी कधीच एका शब्दात उत्तर दिले नाही. बाजारात उतरणाऱ्या दोघांची ताकद किती, हे ते आधी पाहत. दोघे तुल्यबळ असतील तर बाजार ठीक चालतो. एकाच्या घरात चुलीला लाकूड नसेल आणि दुसऱ्याच्या कोठारात सहा महिन्यांचा माल असेल, तर त्या बाजाराला मोकळा म्हणणे ही भाषेची थट्टा होय.

कर्जाच्या बाबतीतही हेच. १९४५ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने शेतीकर्जाविषयी अहवाल दिला. पुढे रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली, तिच्या मार्गदर्शक समितीतही गोरवालांच्या बरोबर गाडगीळ होते. १९५४ साली अहवाल आला. १९५१-५२ या वर्षी शेतकऱ्यांनी काढलेल्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा होता फक्त ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा तर एक टक्काही नव्हता. जवळजवळ ७० टक्के कर्ज सावकारांचे होते. पन्नास वर्षे सहकाराचे कायदे, परिपत्रके, भाषणे झाली आणि फळ काय, तर शंभरातले तीन रुपये! समितीने निष्कर्ष काढला की दुबळ्या माणसांची दुबळी संस्था सावकार-व्यापाऱ्याच्या जुटीपुढे टिकत नाही. शासनाने भागीदार म्हणून पाठीशी उभे राहावे आणि कर्ज, विक्री, प्रक्रिया या गोष्टी एकमेकींना जोडाव्यात.

हे सांगण्याचा अधिकार गाडगीळांना होता, कारण तोपर्यंत त्यांनी ते करून दाखवले होते. आता प्रवरेची हकीकत सांगतो तो भाग आला.

गोदावरी आणि प्रवरा नद्यांच्या कालव्यांनी जुन्या अहमदनगर जिल्ह्याच्या काही भागात बारमाही पाणी आणले होते. या कालव्यांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष फायदे कोणाला किती झाले, याची पाहणी गाडगीळांनी केली आणि ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. पाणी आले, ऊस आला, पण ऊस लावणाऱ्याची कोंडी सुटली नव्हती. एक तर गूळ करून व्यापारी देईल त्या भावाला विकायचा, नाही तर खाजगी कारखान्याच्या दारात जायचे. ऊस तोडल्यावर थांबत नाही. जितका वेळ जाईल तितका त्यातील साखरेचा उतारा घटतो. ज्याचा माल सुकत चालला आहे त्याला घासाघीस करायला सवड नसते, हे समोरच्याला पुरते ठाऊक असते. यातून सुटायचे तर गाळप शेतकऱ्यांच्याच हाती आले पाहिजे, हा विचार बागाईतदारांच्या परिषदेतून पुढे आला आणि गाडगीळांनी तो उचलून धरला.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी फारसे शालेय शिक्षण नसताना १९२३ सालीच गावात सहकारी पतपेढी काढली होती. त्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांनी शासनाचे पाठबळ दिले आणि गाडगीळ अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या चरकात पहिला ऊस पडला. गाडगीळ सुमारे दहा वर्षे अध्यक्षपदी राहिले आणि मग विखे पाटलांच्या हाती कारभार सोपवून बाजूला झाले. पंडित नेहरू १९६१ साली तेथे येऊन गेले.

केंब्रिजचा पदवीधर आणि लोणीचा शेतकरी एका टेबलाशी बसले, हे चित्र अनेकांनी रंगवले आहे. मला त्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. विद्वान माणूस सल्ला देऊन मोकळा होऊ शकतो. सल्ला फसला तर अंमलबजावणी नीट झाली नाही असे म्हणता येते. गाडगीळांनी ती पळवाट ठेवली नाही. मांडलेला हिशेब खरा की खोटा, हे कारखान्याच्या ताळेबंदात दिसेल अशा जागी ते स्वतः जाऊन बसले. प्रवरेचे पाहून पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात आणि नंतर मराठवाड्यात सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांच्या आसऱ्याने शाळा, महाविद्यालये, दवाखाने आले. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच पैशातून निघालेल्या शाळांत शिकले आहेत.

आता दिल्लीचा अध्याय. १९६६ साली गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्याच सुमारास राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली आणि सप्टेंबर १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. काळ बिकट होता. लागोपाठ दोन दुष्काळ पडून गेले होते, रुपयाचे अवमूल्यन झाले होते, पंचवार्षिक योजनेला तीन वर्षे सुट्टी द्यावी लागली होती. राज्यांना केंद्राची मदत मिळे ती बरीचशी योजनेगणिक आणि वाटाघाटीगणिक. ज्याचे दिल्लीत वजन अधिक त्याच्या पदरात अधिक, असा संशय राज्यांना येई.

गाडगीळांनी यावर काढलेला उपाय म्हणजेच आपण पाठ करतो ते सूत्र. १९६९ साली राष्ट्रीय विकास परिषदेने ते मान्य केले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी बाजूला काढायच्या. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात, १० टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नांनुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. सूत्र उघड होते. प्रत्येक मुख्यमंत्र्याला आपला वाटा कागद-पेन्सिल घेऊन काढता येत होता. मघाशी सांगितलेला रुमाल गाडगीळांनी येथेही दूर केला, असे मला म्हणावेसे वाटते.

हे किती मोलाचे होते याचा पुरावा अलीकडच्या संशोधनात मिळतो. अर्थशास्त्रज्ञ भास्कर दत्ता आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केंद्राच्या मर्जीवर असलेल्या अनुदानांचे वाटप आकडेवारीने तपासले. केंद्रात व राज्यात एकच पक्ष आहे आणि शिवाय निवडणूक अटीतटीची आहे, अशा राज्यांकडे पैसा अधिक गेल्याचे त्यांना आढळले. मर्जीला कुंपण घालायचे तर उघड नियम हवा, हे गाडगीळांनी चाळीस वर्षे आधी ओळखले होते. त्यांच्या सूत्रात पुढे १९८० आणि १९९१ साली बदल झाले. १ जानेवारी २०१५ पासून नियोजन मंडळाची जागा नीती आयोगाने घेतली आणि ते सूत्र इतिहासजमा झाले.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी गाडगीळांच्या अभ्यासगटाने सुचवले की बँकांनी जिल्हे वाटून घेऊन तेथील पतपुरवठ्याची जबाबदारी उचलावी. यातून अग्रणी बँक योजना जन्मली. आपल्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची पाटी आपण पाहिली असेल. तिच्या मुळाशीही हेच गृहस्थ आहेत. १९७१ च्या निवडणुकांनंतर नियोजन मंडळाची फेररचना झाली आणि गाडगीळांनी दिल्ली सोडली. पुण्याकडे परतत असताना प्रवासातच, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. पर्यावरणशास्त्रज्ञ म्हणून पुढे कीर्ती पावलेले माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव.

चरित्र येथे संपते. परंतु ज्याने आयुष्यभर हिशेब मागितला, त्याच्या कामाचा हिशेब न मागता लेख संपवणे बरे दिसणार नाही.

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देवराज राय या चौघांनी २००१ साली महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. सुमारे शंभर कारखाने आणि १९७१ ते १९९३ हा काळ त्यांनी अभ्यासला. त्यांचा प्रश्न साधा होता. कारखाना सभासदांचाच असताना उसाला भाव कमी का दिला जातो? उत्तर असे की सभासद कागदावर सारखे असले तरी सत्ता सारखी नसते. मोठ्या बागाईतदाराचा कारभारात वरचष्मा असतो. भाव कमी ठेवला की कारखान्याकडे शिल्लक साठते आणि ती कोठे वळवायची हे कारभारी ठरवतो. म्हणून ज्या भागात जमिनीची विषमता अधिक, तेथे उसाचा भाव कमी आणि कारखान्याची गाळपक्षमताही कमी, असे त्यांना दिसले. एक माणूस एक मत हा नियम चांगला खरा, पण मत देणाऱ्याच्या पायाखाली किती एकर आहेत, हे तो पुसून टाकू शकत नाही.

या संशोधनाने गाडगीळ खोटे ठरतात का? मला तसे वाटत नाही. बाजारात उतरणाऱ्या दोघांची ताकद किती हे आधी पाहा, असे त्यांचे सारे काम सांगते. या चौघांनी तोच प्रश्न बाजाराऐवजी संस्थेच्या आत विचारला. व्यापारी आणि शेतकरी यांच्यामधील तराजू सहकाराने बराच सरळ केला. मोठा शेतकरी आणि लहान शेतकरी यांच्यामधील तराजू तिरका राहिला.

आणि तिसराही एक तराजू आहे, ज्याच्याविषयी मला बोलल्याशिवाय राहवत नाही. ऊस तोडणारा माणूस त्या संस्थेचा सभासदच नाही. तो उसाचा मालक नाही, साखरेचा नाही, तो फक्त कोयत्याचा मालक. कालव्याच्या पाण्याने एका भागात बारमाही काम निर्माण केले आणि पाण्यावाचून राहिलेल्या डोंगरातून आमची माणसे त्या कामावर निघाली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, टोळी निघण्यापूर्वी, मी वस्तीवरच्या घरोघरी वही घेऊन हिंडले. घरटी उचल किती, मागची बाकी किती, दर टनाला काय ठरले, वजन कोठे होते, पावती कोणाकडे राहते, असे माझे प्रश्न होते. उचलीचा आकडा प्रत्येकाच्या जिभेवर होता. टनाचा आकडा मात्र फार थोड्यांना सांगता आला. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, पावती मुकादमाकडे जाते आणि हंगाम सरल्यावर तोंडी कळते की इतके फिटले, इतके राहिले. आईने मला विचारले की हे लिहून काय होणार. मी तिला म्हटले की अजून मला माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय काहीच होत नाही, एवढे पुस्तकातून कळले आहे.

रुमाल कोठे कोठे अंथरला आहे, हे शोधणे हेच मला गाडगीळांच्या चरित्रातून मिळालेले शिक्षण वाटते. १९३३ साली तो फळबाजारात होता. १९५१ साली तो सावकाराच्या वहीवर होता, १९६९ च्या आधी दिल्लीच्या दप्तरात होता. आज तो काट्यावरच्या पावतीवर आहे. प्रत्येक वेळी तो दूर झाला तो कोणी तरी दारात जाऊन, मांडी घालून, प्रश्न विचारून आकडे लिहून घेतले म्हणून. त्या कामाला केंब्रिजची पदवी असली तर उत्तमच, नसली तरी अडत नाही. एक वही लागते आणि मिळालेले उत्तर आपल्या मनाजोगते न वळवण्याची सचोटी लागते.

आपल्या महाविद्यालयात येणारी आपण बहुतेक मुले-मुली अशाच घरांतून आलो आहोत, जिथे हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी सुट्टीत आपापल्या गावातील एका व्यवहाराची पाहणी करावी आणि प्राध्यापकांनी ती तपासून द्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. कै. धनंजयरावांना याहून वेगळी आदरांजली आवडली नसती.